स्टेडियम का मैदान? शेवटच्या बांबूपासून सांगतो

दोन्ही भाचे अजून भांडायलेत. थोरला जानेवारी २०२५ मधे अहमदाबादला जाऊन नरेंद्र मोदी स्टेडियमवर कोल्डप्ले या बँडचा शो बघून आला, आणि धाकटा त्याच आठवड्यात, ३० तारखेला, पुण्याला यश लॉन्सवर एड शीरन या गायकाच्या शोला जाऊन आला. तेव्हापासून जेवायला बसलं की हेच. थोरला म्हणतो, लाखभर माणूस एकदम गायला लागला की अंगावर जो काटा येतो तो लॉनवर उभं राहून येत नसतो. धाकटा म्हणतो, तू शो बघितलाच नाहीस, तू स्क्रीन बघितलास, माणूस मी बघितला. परवा दोघांनी मिळून मला मेसेज टाकला: मामा, तुम्ही पंचवीस वर्षं साउंड करायलात, तुम्हीच निकाल लावा, टूरसाठी स्टेडियम बरं का छोटं ओपन मैदान, आणि हे पण सांगा की लातूर-नांदेड-संभाजीनगरला असले शो कामून येत नाहीत, स्टेडियम नाही म्हणून का?

फोनवर सांगायला बसलो तर रात्र जाईल म्हणून लिहूनच काढतो. मला लिहायची सवय नाही, केबल गुंडाळायची आहे, तेव्हा मधे कुठं गाठ पडली तर सोडवून घ्या.

निकाल आधीच सांगतो म्हणजे ज्याला पुढचं वाचायचं नाही तो मोकळा. आठ-दहा हजार माणसांचं, थोडा उतार असलेलं, नीट बांधलेलं मैदान मिळालं तर मी स्टेडियमकडं ढुंकूनही बघणार नाही. पण यातलं 'नीट बांधलेलं' हे लई महागाचं काम आहे, आणि धाकट्या, तू ज्या कारणासाठी मैदान मैदान करायलास ते कारण अर्धंच आहे.

माझ्या धंद्यात एकच माणूस महत्त्वाचा, तो म्हणजे शेवटच्या बांबूला टेकून उभा असलेला. पुढच्या सोफ्यावर बसलेल्या पाहुण्यांना काय, स्टेजच्या तोंडाशी त्यांच्यासाठी वेगळे बारके स्पीकर ठेवलेले असतात, पाणी येतं, काजू येतात, आणि बरेचसे तिसऱ्या गाण्याला उठून जातात. शेवटच्या बांबूवाल्यानं तिकीट खिशातनं काढलेलं असतं. तो कुठं उभा आहे, त्याला काय दिसायलंय, त्याला शब्द कळायलेत का, एवढं बघितलं की कोणती जागा चांगली हे आपोआप कळतं. बाकी कपॅसिटी बिपॅसिटी हे पोस्टरवर छापायचे आकडे.

हे घरबसल्या करून बघा. हात सरळ पुढं करा आणि करंगळीचं नख बघा. क्रिकेटच्या स्टेडियमात स्टेज एका टोकाला लावतात, तिथून समोरची बाउंडरी सव्वाशे-दीडशे मीटर आणि गॅलरी त्याच्याही मागं. दीडशे मीटरवरचा साडेपाच फुटी माणूस हाताच्या अंतरावर मोजला तर सहा-सात मिलीमीटरचा भरतो, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षा बारका. तोच माणूस चाळीस मीटरवर असला तर अंगठ्याच्या वरच्या पेराएवढा, आणि मग त्यानं मान कुठं वळवली, ढोलकीवाल्याकडं बघून कसा हसला, हे सगळं दिसतं. धाकटा म्हणतो 'मी माणूस बघितला' ते याच्यामुळं. पण बाळा, तू जर मैदानात पण शंभर मीटर मागं सपाट जमिनीवर उभा असतास ना, तर तुला नखाएवढा माणूस पण दिसला नसता, पुढच्याचं टक्कल आणि त्याच्या पुढच्याचा मोबाइल दिसला असता. गॅलरीला उतार असतो, मैदानाला नसतो. स्टेडियमचा हा मोठा गुण आहे आणि मैदानवाले भक्त तो कधी मोजत नाहीत.

आता कानाचं. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर चालतो. म्हणजे दीडशे मीटरवर पोचायला त्याला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. गाणं १२० च्या टेम्पोचं असलं तर एक मात्रा बरोबर अर्ध्या सेकंदाची, मग झालं काय, पुढच्यानं टाळी वाजवली सम बघून आणि मागच्यानं पण वाजवली समच बघून, पण दोघांची सम एक मात्रा पुढं-मागं. कोल्डप्लेच्या शोत सगळ्यांच्या हातात ते चमकणारे पट्टे असतात ना, थोरल्या, तू व्हिडिओ परत लाव आणि बघ, पट्टे सगळ्या स्टेडियमभर एकाच क्षणाला पेटतात कारण ते लांबून कंट्रोल होतात आणि उजेडाला वेळ लागत नाही, पण लोकांची टाळी लाटेसारखी मागं सरकत जाते. तुझ्या अंगावर जो काटा आला तो त्या लाटेचा. तो खोटा नाही. फक्त त्याला मी गाणं ऐकणं म्हणत नाही, जत्रेत असणं म्हणतो, आणि जत्रेचं सुख वेगळं असतं हे मला माळेगावच्या यात्रेत वाढलेल्या माणसाला तू सांगू नको.

स्टेडियमची खरी दुखणी कळली ती मला आमच्याच भागातल्या एका जिल्ह्याच्या क्रीडा संकुलात. नाव घेत नाही. लोकगीतांचा कार्यक्रम, आयोजकानं स्टेज मैदानाच्या एका टोकाला लावलं, खुर्च्या मैदानात, आणि समोर नव्वद मीटरवर सिमेंटची मोकळी गॅलरी, तिच्यात एक माणूस नाही. दुपारी साउंडचेकला मी स्टेजच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली. गेली. आणि अर्ध्या सेकंदानं कुणीतरी समोरून मलाच टाळी दिल्यासारखी परत आली, कडक, अगदी स्वच्छ. जाऊन-येऊन १८० मीटर, हिशेब बरोबर होता, माझ्या पोटात मात्र गोळा आला. संध्याकाळी ढोलकी सुरू झाली तर स्टेजवर एक ढोलकीवाला आणि गॅलरीत दुसरा, आणि गॅलरीतला नेमका ताल सोडून. गाणारी बाई दोन वेळा थांबल्या, म्हणल्या मागं कोण वाजवायलंय.

मंडपवाल्यानं गॅलरीवर पांढरं कापड बांधून दिलं. पातळ कापडानं काही होत नसतं, आवाज त्यातून जातो आणि सिमेंटला धडकून परत येतो. मग आम्ही त्याच्याच गाडीतल्या जाड सतरंज्या काढल्या, जेवढ्या होत्या तेवढ्या रेलिंगवर टाकल्या, लाईन ॲरेचं, म्हणजे उंच टांगलेल्या स्पीकरच्या माळेचं, तोंड दोन-तीन डिग्री खाली झुकवलं म्हणजे आवाज गॅलरीवर न जाता खुर्च्यांवर पडावा, आणि आयोजकाच्या हातापाया पडून मैदानातल्या मागच्या हजारभर लोकांना गॅलरीत बसवलं. माणसासारखं आवाज पिणारं दुसरं काही नाही. घामेजलेला, दाटीनं बसलेला माणूस म्हणजे उत्तम गादी. तासाभरानं दुसरा ढोलकीवाला गप झाला, पूर्ण नाही, पण बाईंना आपला सूर सापडला. तेव्हापासून कुठलीही जागा बघायला गेलो की मी टेप नंतर काढतो, आधी टाळी वाजवतो.

म्हणून म्हणतो, स्टेडियम हे मधोमध चाललेला खेळ चारी बाजूंनी बघायला बांधलेलं असतं, एका टोकाला गाणारा ऐकायला नाही. बीटल्स बँडवाले १९६५ च्या ऑगस्टमधे न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर पंचावन्न हजारांवर लोकांपुढं वाजवून गेले, तेव्हा गाण्याचा आवाज स्टेडियमच्याच भोंग्यांवर टाकला होता, ज्याच्यावर बेसबॉलच्या घोषणा करतात. गिटारसाठी खास १०० वॅटचे ॲम्प बनवून आणले होते. १०० वॅट! आज आमच्या गणपतीच्या मंडळाचं पोरगं १०० वॅट ऐकून हसंल. पोरींच्या किंकाळ्यांपुढं स्टेजवरच्या चौघांना स्वतःचं वाजवणं ऐकू येत नव्हतं, कारण स्टेजवर त्यांच्याकडं तोंड करून ठेवायचे मॉनिटर स्पीकर तेव्हा नव्हतेच.

नंतर फरक पडला तो लाईन ॲरेनं. ते केळीच्या घडासारखं टांगलेलं असतं ना, ते. १९९२ च्या आसपास एका फ्रेंच कंपनीनं आजच्या पद्धतीचा लाईन ॲरे बाजारात आणला आणि धंद्याचा नकाशाच बदलला. आधीच्या टॉप-बेसच्या, म्हणजे एकावर एक रचलेल्या स्पीकरच्या, ढिगाचं गणित असं, की अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबल पडतो. पाच मीटरवरून ऐंशी मीटरला जाईपर्यंत अंतर चार वेळा दुप्पट होतं, म्हणजे २४ डेसिबल गेले. मागच्याला ९० पाहिजे तर पुढच्याच्या कानात ११४ ओतावे लागतात. आपल्याकडं अजून कित्येक कार्यक्रमांत हेच चालू आहे, पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं कानात बोटं घालून बसलेली आणि मागचे ओरडायलेत की आवाज वाढवा. लाईन ॲरे उंच टांगला की पुढचा आणि मागचा यांच्यातला फरक लई कमी होतो. त्याच्यापुढं अंतर राहिलं तर मधे डिले टॉवर उभे करतात, म्हणजे मागच्यांसाठी वेगळे स्पीकर, आणि त्यांना मुद्दाम उशीर लावायचा, स्टेजवरचा आवाज तिथवर चालत येईपर्यंत थांबायचं आणि मग त्याच्याबरोबर बोलायचं. गंमत अशी की हा उशीर एकदा लावून विसरायचा नसतो. आपल्याकडं फेब्रुवारीत दुपारी चार वाजता ३४ डिग्री आणि रात्री नऊला १६. गार हवेत आवाज हळू चालतो. साठ मीटरच्या टॉवरला दुपारी लावलेला डिले रात्री पाच-साडेपाच मिलीसेकंदांनी चुकतो आणि मागच्या लोकांना शब्द जरा फाटल्यासारखा लागतो. ज्या साउंडवाल्यानं मध्यंतरात तो परत बघितला तो चांगला, ज्यानं नाही बघितला त्याला लोक म्हणतात, स्टेडियमच बेकार आहे.

थोरल्याच्या बाजूनं पण बोलतो, नाहीतर मामा धाकट्याचाच म्हणून रुसंल. स्टेडियमला संडास बांधलेले असतात. हे वाचून हसू नका, बायकांना विचारा. मैदानातल्या शोला मी आयोजकाला दर वेळी सांगतो की शंभर बायकांमागं एक तरी धरा, आणि दर वेळी तो म्हणतो, हो हो साहेब, आणि आठ हजार माणसांना दहा डबे आणतो. स्टेडियमला पक्के जिने, नंबर टाकलेली गेटं, पाण्याची लाईन, आत-बाहेर यायचे वेगळे रस्ते असतात. चारी बाजूच्या गॅलऱ्या थोडाफार आवाज आतच कोंडून ठेवतात, शेजारच्या कॉलनीला त्रास कमी. आणि पाऊस आला तर निदान चपला चिखलात राहत नाहीत.

शिवाय कोण गातोय हे पण बघायला पाहिजे. एड शीरनचं बरंचसं काम म्हणजे एकटा माणूस, एक गिटार आणि पायाखाली लूप स्टेशन, एक ओळ वाजवली, ती फिरत ठेवली, तिच्यावर दुसरी चढवली. ते जवळनं बघण्यातच मजा, ते नखाएवढं झालं की संपलं. तरी तोच गडी त्याच टूरला शिलाँगला स्टेडियमात वाजवून गेला आणि पुणे, चेन्नई, बंगळुरूला लॉनवर-मैदानात, म्हणजे त्यानं काही स्टेडियमची शपथ घेतली नव्हती, ज्या गावात जी जागा बरी मिळाली ती घेतली. कोल्डप्लेचं उलट आहे, त्यांच्या शोत लोकांचे हातच लाइटिंग आहेत, त्यांना लाख माणूस लागतोच, पाच हजारांत ते पट्टे लग्नाच्या माळेसारखे दिसतील.

मधला रस्ता पण आहे, स्टेज मधोमध. यू टू या बँडनं २००९ ते २०११ ची अख्खी टूर अशी केली, स्टेडियमच्या मधे चार पायांचा अवाढव्य सांगाडा आणि चौफेर लोक. दिलजीत दोसांझ पण डिसेंबर २०२४ ला चंदीगडच्या शोत बोलला होता की स्टेज मधे पाहिजे, लोक भोवती पाहिजेत. अंतर एका झटक्यात निम्मं होतं, दीडशेचे पंच्याहत्तर. पण साउंडवाल्याचा घाम निघतो, चारी बाजूंना ॲरे टांगा, एकाचा आवाज दुसऱ्यात मिसळू नये म्हणून कोन बघा, आणि स्टेजला मागची बाजूच नाही म्हणल्यावर आमच्या पेट्या, जनरेटरच्या केबली, आर्टिस्टचा येण्याचा रस्ता, सगळं जमिनीखालून किंवा लोकांतून. त्या यू टू वाल्यांनी तसले तीन सांगाडे बनवले होते. एक इथं उभा, तेव्हा दुसरा पुढच्या शहरात चढायलाय आणि तिसरा मागच्या शहरात उतरायलाय. इथंच टूरवाल्यांचं डोकं कळतं. स्टेडियमच का, तर स्टेज उभं करायला जे चार-पाच दिवस आणि जे शेकडो माणूस लागतं ते एका रात्रीत वसूल करायचं असेल तर पन्नास हजार तिकिटं पाहिजेत. तीच माणसं जर दहा मैदानांत वाटली तर दहा वेळा लोड-इन म्हणजे सामान उतरवून स्टेज चढवणं, दहा परवानग्या, दहा गावचे भाऊ-दादा. फॅनला जवळनं बघायचंय आणि मॅनेजरला लवकर घरी जायचंय, एवढंच आहे ते.

आता मैदानाचे नखरे, आणि हे मी मनापासून सांगतो कारण हे माझं घर आहे.

पहिला नखरा काळी माती. आपल्या भागातलं मैदान उन्हाळ्यात भेगाळतं आणि एक सर पडली की लोण्यासारखं होतं. ट्रसचा, म्हणजे स्टेजचं छप्पर धरणाऱ्या सांगाड्याचा, टॉवर एका पायावर कितीतरी टन वजन सोडतो, तो पाय फळ्या न टाकता काळ्या मातीवर ठेवला तर रात्रीतनं खचतो आणि सकाळी छप्पर एका बाजूला मान टाकून उभं. आणि आपल्याकडं पाऊस जुलैतच येतो असं थोडंच आहे, फेब्रुवारी-मार्चमधे अवकाळी येतो, गारा येतात, वावटळ येते. स्टेजवरची ताडपत्री म्हणजे जहाजाचं शीडच. मी वाऱ्याचं मीटर कन्सोलजवळ, म्हणजे आवाज मिक्स करायच्या टेबलाजवळ, लावून ठेवतो आणि ताशी ४० किलोमीटरच्या वर जायला लागलं की कुणाला न विचारता ॲरे खाली घेतो, मग आयोजक ओरडो का आर्टिस्ट.

दुसरा नखरा हवा. दुपारी तापलेल्या जमिनीवरून आवाज वर उचलला जातो, साठ मीटरच्या मागं पोकळ वाटतं, गाण्यातली चमक गेल्यासारखी, कोरड्या हवेत तर वरचे सूर आणखीच गळतात. रात्री जमीन गार पडली की उलटं, आवाज खाली वाकून लांब लांब पळतो. सहाला जे लेव्हल ठीक होतं ते नऊला दीड किलोमीटरवरच्या वस्तीत ऐकू येतं. एका तालुक्याच्या गावी साडेनऊला एक आजोबा कन्सोलपाशी आले, काठी टेकत, आणि एवढंच म्हणले, "बाबा, फळीवरची भांडी खाली यायलीत." घर त्यांचं स्टेजच्या मागं, तीनशे पावलांवर. पत्र्याचं. बेसला पुढं-मागं कळत नाही, तो चारी दिशांना सारखाच जातो, आणि पत्रा म्हणजे त्याचा दोस्त. आम्ही पुढच्या गाण्याच्या आधी तीनातला एक सब, म्हणजे बेसचा स्पीकर, उलटा फिरवला, तोंड स्टेजकडं, पोलॅरिटी म्हणजे तारांचं अधिक-उणं उलटं, वर थोडा डिले, म्हणजे मागं जाणारा बेस मागच्या मागंच मारला जातो. आजोबांना फोन नव्हता, म्हणून पोरगं पाठवून विचारलं, म्हणले आता फक्त ताट वाजायलंय.

आणि पोलीस. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमात रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सणावाराला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस तुमच्या कॉन्सर्टसाठी कोण देतंय. शिवाय मैदानाच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेच्या वर १० किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी ते. रहिवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५, म्हणजे हद्दीवर ६५. माझ्या कन्सोलवर गाणं चालू असतं ९७-९८ ला. आता हे तीसेक डेसिबल मधल्या मधे कुठं जिरवायचे? जागेतच. म्हणून कॉलनीच्या मधोमध असलेलं मैदान कितीही सोयीचं असलं तरी ते संगीताचं नाही, भाषणाचं आहे.

मग मैदान कसलं चांगलं, तर हे आपल्या लोकांना कधीच कळलेलं होतं. तमाशाची कनात बघा. वर आभाळ, चारी बाजूंनी कापड, एका तोंडाला तिकीट, आणि शेवटच्या माणसाला ढोलकीवाल्याची बोटं दिसतील एवढंच अंतर. लोक वाढले तर कनात ताणत नव्हते, दुसरा खेळ लावत होते. परदेशात लोक रेड रॉक्सचं नाव घेतात, अमेरिकेत कोलोरॅडोमधे डोंगराच्या दोन लाल कड्यांमधे पायऱ्या पायऱ्यांनी बसायची जागा, १९४१ ची, साडेनऊ हजार माणसांची, आणि जगातले मोठे मोठे गाणारे तिथं वाजवायला तडफडतात. साडेनऊ हजारच. आपल्याकडं संभाजीनगरला सोनेरी महालाच्या अंगणात वेरूळ-अजिंठा महोत्सव होतो, मागं महाल, त्याच्या मागं डोंगर, तिथं ज्यानं रात्री सारंगी ऐकली असेल त्याला मी काय म्हणतोय ते समजावून सांगायला लागणार नाही.

हिशेब गुंठ्यात सांगतो, आपल्याला तोच कळतो. एक गुंठा म्हणजे साधारण १०० चौरस मीटर. त्यात उभा राहून, हात हलवून, पोरगं खांद्यावर घेऊन आरामात शो बघायचा तर २०० माणसं. ३०० म्हणजे दाटी. ४०० च्या वर जसजशी दाटी वाढते तसतशी गर्दी स्वतःच्या पायावर राहत नाही, ढकलाढकलीत लाट होते. म्हणजे दहा हजारांना नुसतं उभं राहायला ५० गुंठे, स्टेज, कन्सोल, रस्ते, संडास, खायच्या गाड्या धरून तीन-चार एकर. आणि पार्किंग? एका गुंठ्यात चार गाड्या, दोन हजार गाड्या आल्या तर ५०० गुंठे, साडेबारा एकर. लोक जमीन बघताना माणसं मोजतात, गाड्या मोजत नाहीत, आणि मग शो सुटल्यावर तीन तास हायवेवर हॉर्न वाजवत बसतात.

ही दाटीची गोष्ट मी गंमत म्हणून नाही लिहिली. ह्यूस्टनला नोव्हेंबर २०२१ मधे ॲस्ट्रोवर्ल्ड फेस्टिव्हलात मोकळ्या मैदानात दहा जण गेले, स्टेजपुढच्या गर्दीत दबून. बंगळुरूला ४ जून २०२५ ला स्टेडियमच्या गेटांबाहेर अकरा जण गेले. एक मैदान, एक स्टेडियम. त्यामुळं 'मैदान सुरक्षित का स्टेडियम' असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, गेट किती, किती रुंद, कुठल्या बाजूला उघडतात, आणि आत माणूस मोजायला कोण बसलंय. पासवर माणसं सोडणारा एक भाऊ गेटवर उभा राहिला की सगळं गणित मातीत.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आपल्याकडं शो कामून येत नाहीत. स्टेडियम नाही म्हणून? नाही रे. एड शीरन ३० जानेवारीला पुण्यात होता आणि २ फेब्रुवारीला हैदराबादला. पुण्याहून रस्त्यानं हैदराबादला जायचं तर सोलापूरनंतर नळदुर्ग, उमरगा लागतं. उशालाच होता आपल्या. उमरग्यात चहाला थांबला असता तर धाकट्याचे तिकिटाचे पैसे वाचले असते. त्याला थांबवायला पन्नास हजारांचं स्टेडियम नको होतं. लागतंय काय, तर पार्किंग सोडून पाच-सहा एकर जागा, गावापासून जरा लांब, मुरूम टाकून दाबलेली, पाणी निघून जाईल असा उतार असलेली, तो उतार स्टेजकडं म्हणजे मागच्याला आपोआप दिसतं, पक्का वीज कनेक्शनचा पॉइंट, दोन मोठी गेटं आणि बांधलेले संडास. आज मला दहा हजारांच्या शोला दोन १२५ केव्हीएचे सायलेंट जनरेटर आणि एक उभा ठेवायला तिसरा लागतो, डिझेल वेगळं, क्रेन वेगळी, फळ्या वेगळ्या, मोबाइल टॉयलेट पुण्याहून. आर्टिस्टच्या मानधनाला हात लागायच्या आधीच निम्मे पैसे जमिनीत जातात. स्टेज, ट्रस, ॲरे हे सगळं आता लातूर, नांदेड, संभाजीनगरला मिळतं, पोरं शिकलेली आहेत, पुण्या-मुंबईच्या शोला हीच पोरं जाऊन चढवतात. नाही ती फक्त बसवलेली जमीन.

आणि दुसरं, जे बोलायला जड जातं, आपल्याला फुकट बघायची सवय आहे. महोत्सव म्हणजे पास, पास म्हणजे ओळख. कोल्डप्लेचं साधं तिकीट अडीच हजारापासून होतं, ते घेऊन ट्रॅव्हल्सनं अहमदाबादला जाणारा माणूस आपल्या गावात तीनशेचं तिकीट म्हणलं की विचारतो, ओळखीचं कोण आहे का. थोरल्या, हे तुला उद्देशून आहे, मागच्या वर्षी तू माझ्याकडनं चार पास नेलेस.

तोवर तुम्ही जिथं कुठं जाल तिथं तिकीट काढताना माझं एक ऐका. कन्सोलचा मांडव कुठं आहे ते नकाशात बघा आणि त्याच्या पुढच्या दहा-पंधरा मीटरमधे, मधल्या रेषेला उभे राहा. साउंड इंजिनिअर जे ऐकून मिक्स करतोय तेच तुम्हाला मिळतं. स्टेजला चिकटून उभं राहायला जास्तीचे पैसे देऊ नका, तिथं गाण्यापेक्षा सबच जास्त ऐकू येतो, दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजते. स्टेडियमात असाल तर सगळ्यात वरच्या मजल्याच्या छताखालची, एकदम मागची रांग टाळा, आवाज तिथं अडकून घुमतो, आणि बाजूच्या गॅलरीत स्टेजच्या मागं जाणारा ब्लॉक तर फुकट मिळाला तरी घेऊ नका. मैदानात असाल तर जमीन कुठं उचललेली आहे ते बघा, दीड फुटाचा उंचवटा मिळाला तरी शो तुमचा. आणि सोबत लेकरू असलं तर त्याच्या कानावर हेडफोनसारखं येतं ते घाला, लाजू नका.

बाकी येत्या शनिवारी गावाबाहेर एका मैदानाचं लोड-इन आहे, पहाटे पाचला गाडी निघेल. दोघंही या, हातमोजे आणा, मागच्या वेळेसारखं चपला घालून येऊ नका, बूट पाहिजेत. स्टेज उभं राहिलं की धाकट्यानं तिथं थांबायचं, थोरल्यानं शेवटच्या बांबूपाशी जायचं, एकानं टाळी वाजवायची आणि दुसऱ्यानं ऐकून मला सांगायचं किती वेळा आली.